खळ्यावरचं बोलावणं

यंदा कोजागिरीच्या आधी फोनवर एक जाहिरात येऊन पडली. शीळफाट्याहून तळोज्याकडे जाताना लागणाऱ्या एका फार्महाउसवर 'लोकसंगीताची रात्र'. माणशी तिकीट, जोडप्याला सवलत, हिरवळीवर टेबलं, शाकाहारी-मांसाहारी जेवण, गाडी लावायची सोय. गाणार कोण, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिकिटाचा दर ठळक आणि गाणाऱ्याचं नाव गायब, हे पाहून मन विटलं. याच पट्ट्यात एके काळी आम्ही शरदात गाणं ऐकायला माणसं बोलावत होतो. ते बोलावणं काय होतं आणि का संपलं, हे एकदा लिहून ठेवायलाच हवं.

शीळ, डायघर, पडले, खिडकाळी, देसाई, काटई, निळजे, घेसर ही मुळात भाताची गावं. साठच्या दशकात डोंबिवलीत एमआयडीसी आली. 1982 साली ठाण्याची आणि 1983 साली कल्याणची महापालिका झाली. या भागातली 27 गावं 2002 मध्ये कल्याण-डोंबिवलीतून बाहेर पडली आणि 2015 मध्ये परत आत आली. या हद्दींच्या भांडणावर रकानेच्या रकाने लिहून झाले आहेत. गाण्याचं त्यात काही गेलं नाही की आलं नाही. मला बोलायचं आहे ते साधारण 1996 ते 2006 या दहा वर्षांबद्दल.

आमच्या ओळखीतल्या एका आगरी कुटुंबाचं शेत कल्याण-शीळ रस्त्यापासून आत होतं. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला यायचं, गरवं दिवाळीनंतर. मधल्या काळात खळं तयार व्हायचं. जमीन खणून, चोपून, शेणाने सारवून, मध्ये मेढ रोवलेली. झोडणी आटोपली की भाताच्या राशीला राखण लागायची आणि राखणीला जागरण. त्या जागरणात गावचं भजनी मंडळ बसायचं. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात पहाटेचा काकडा चालायचा, त्यामुळे गळे तापलेलेच असत. आम्ही नवीन काही सुरू केलं नाही. जे चाललं होतं तिथे डोंबिवली-ठाण्याची चार माणसं नेऊन बसवली, एवढंच.

पण ती नेण्याची रीत होती. छापील पत्रिका नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही. ज्याला बोलवायचं त्याच्या घरी जाऊन सांगायचं आणि तिथेच अटीही सांगायच्या: खाली गोणपाटावर बसायचं, मधेच उठायचं नाही, माईक नसेल म्हणून कुजबुजायचंही नाही, आणि घरची माणसं वाढतील ते जेवायचं. खळ्याच्या कडेला मावतील तेवढीच माणसं. येणारे दिवा-पनवेल गाडीने निळज्याला उतरत किंवा शीळफाट्याची बस धरून उरलेली वाट चालत येत. परत जाताना एका सुपात ज्याला जमेल तेवढे पैसे ठेवत. ती सगळी बिदागी गाणाऱ्यांची. घरमालक दादांनी त्यातला रुपया कधी घेतला नाही. उलट तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण त्यांच्याच चुलीवरचं असे.

एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. पखवाज उघडला की वाजवणारे बुवा आधी स्वयंपाकघराच्या दाराशी जात आणि वहिनींकडून कणकेचा गोळा मागून घेत. ती कणीक डाव्या पुडीवर थापायची, बोटाने दाबत पसरवायची, थाप मारून ऐकायची, थोडी काढायची, पुन्हा ऐकायची. आवाज खोल आणि गोल झाला की बुवा मान हलवत. शहरातून आलेली माणसं हे बघतानाच गप्प होत. गाणं सुरू व्हायच्या आधीच ती ऐकायला लागलेली असत.

या सगळ्यात माझ्या मनाला सर्वात जवळचा होता तो धवला. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण मांडवात बसते आणि तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाहीत. वारल्यांमध्ये हेच स्थान धवलेरीचं. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेने गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने धवळे रचले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव पाठ करतो. पण सातशे वर्षांहून जुन्या या परंपरेतली एक बाई शीळच्या रस्त्यावर डोक्यावर भारा घेऊन चालली असेल, तर तिला ओळखणारं शहरात कोणी नव्हतं.

गावात अशाच एक धवलारीण मावशी होत्या. पहिल्या वर्षी कोजागिरीला आम्ही त्यांना धवला म्हणायची गळ घातली. त्यांनी साफ नकार दिला. "लगीन नाय, त धवला कसा गावाचा?" त्या म्हणाल्या. चातुर्मासात लग्न नसतं आणि लग्नाविना धवला नसतो. मग आम्ही कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नापर्यंत थांबलो. दादांच्या अंगणात तुळशीला ऊस बांधला, मांडव घातला, आणि आता खरंच लग्न आहे म्हटल्यावर मावशी बसल्या. कसलंही वाद्य नाही. त्या ओळ ओढत न्यायच्या आणि ती संपायच्या आत शेजारच्या दोघी तिचं टोक उचलायच्या, त्यामुळे सूर कुठे तुटायचाच नाही. एकेका देवाला, मग गावदेवीला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी लग्नाला या म्हणून बोलावणं चाललं होतं. पुढची सगळी वर्षं तुळशीच्या लग्नालाच आमचा हंगाम संपायचा.

काही हिशेब मात्र बाकी आहेत. त्या वर्षांत आगरी-कोळी गाण्यांच्या कॅसेटचा पूर आला होता. ध्वनिमुद्रण करणारे एक गृहस्थ खळ्यावर येऊन गेले आणि पुढे मावशींची एक चाल ठेक्यावर चढून बाजारात आली. कॅसेटवर त्यांचं नाव नव्हतं, पैसे तर नव्हतेच. संगीतातल्या एका जाणकारांनी सर्वांसमक्ष सांगितलं की हा कच्चा माल आहे, तयार गळ्याकडे दिला तर सोनं होईल. मावशी समोर बसल्या होत्या. या दोघांनाही मी माफ केलेलं नाही. ऐकायला बोलावलेल्या माणसाने यजमानाच्या घरातली वस्तू उचलू नये आणि तिला नावंही ठेवू नयेत, एवढी साधी रीत त्यांना पाळता आली नाही.

नंतरची पडझड लवकर सांगून टाकतो. भातशेती परवडेनाशी झाली, जमिनी विकल्या गेल्या, पलावा या गृहसंकुलाचे मनोरे उभे राहिले. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याची बेकायदा इमारत कोसळून 74 माणसं गेली, तेव्हा या पट्ट्यात जमिनीचं काय चाललं आहे ते साऱ्या देशाला कळलं. आज कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो 12चं काम आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातले 7 किलोमीटर ठाणे खाडीखालून, शीळफाट्यालाच बाहेर येतो. दादांचं शेतही राहिलं नाही. विकलं म्हणून त्यांना दोष देणार नाही. भात पिकवून मुलांची शिक्षणं झाली नसती.

पण सगळा दोष जमिनीवर ढकलणं मला पटत नाही. खळं गेलं तरी अंगणं होती, गच्च्या होत्या. गेली ती बोलावण्याची रीत. 2017 साली 90वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत आगरी यूथ फोरमच्या यजमानपदाखाली झालं, याचा मला अभिमान आहे. आगरी समाजाला मान मिळाला, व्यासपीठ मिळालं. धवला मात्र व्यासपीठाचा नाही. त्याला कारण लागतं, मांडव लागतो, ओळ झेलणाऱ्या बायका लागतात. आणि जिथे हे सारं आहे त्या हळदीतच आज डीजेच्या भिंती उभ्या राहतात. रात्री 10 नंतर ध्वनिवर्धकाला बंदी घालणारे नियम 2000 सालचे आहेत. ते पाळले जात नाहीत हे हळदीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. धवलारणीला बसवतात, पाच मिनिटं आवाज बंद करतात, फोटो घेतात आणि पुन्हा सुरू. समाजातली जाणती माणसं हळदीच्या खर्चाला आवर घालायला सांगत आहेत. त्यांच्या पाठीशी आपण उभं राहिलं पाहिजे.

तिकीट काढून आलेल्याला वाटतं, गाण्याने आपलं मन रिझवावं. बोलावून आलेल्याला ठाऊक असतं, आपण कुणाच्या तरी घरी आलो आहोत. लोकगीत जगायला हा दुसरा माणूस लागतो.

म्हणून शीळ, पलावा, डोंबिवलीच्या वाचकांना माझी विनंती आहे. तुळशीचं लग्न तुमच्या सोसायटीतही लागतं. या वर्षी जवळच्या गावातल्या एखाद्या धवलारणीच्या घरी जा, तिला मानाने बोलवा, तिला आणि तिच्या सोबतिणींना ठरवून चांगली बिदागी द्या, माईक लावू नका, आणि खाली बसून शेवटपर्यंत ऐका. या बायका आता सत्तरीपलीकडच्या आहेत. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नका.