वणव्याआधीची आग

फेब्रुवारी उलटला की देहूरोडपासून तळेगावपर्यंत आणि तिथून इंदोरी, भांडारा डोंगर, चाकणच्या दिशेने गेलेल्या टेकड्यांवर काळे ठिपके उमटू लागतात. संध्याकाळी पिवळाधमक दिसलेला उतार सकाळच्या पाळीला जाताना कंपनीच्या बसमधून पाहावा, तर नुसती राख. आठ-पंधरा दिवसांत डोळ्यांना त्याची सवय होते आणि मार्चअखेर तर डोंगर जळणं हा उन्हाळ्याचाच भाग वाटू लागतो. हे दरवर्षी कोण पेटवतं, ते लिहा, असं संपादकांचं सांगणं होतं. त्या शोधात निघाले आणि गुंतले ती दुसऱ्याच पेटवणाऱ्यांत. वणवा पसरू नये म्हणून दिवस आणि वेळ ठरवून डोंगराचा एक अरुंद पट्टा आधीच जाळून मोकळा करणारे वनखात्याचे मजूर. या पट्ट्याला जाळपट्टा किंवा जाळरेषा म्हणतात.

कागदावर हे काम सोपं आहे. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरतात, त्याआधी पट्टे तयार हवेत. रुंदी ठरलेली असते : 3, 6 किंवा 12 मीटर, महत्त्वाच्या हद्दीवर जास्त, आतल्या भागात कमी. दोन्ही कडांचं गवत कापायचं, पट्ट्याच्या मधोमध ओढायचं, वाळू द्यायचं आणि जाळायचं. पुढे वणवा चालून आलाच, तर या पट्ट्यात त्याला खायला काही उरलेलं नसतं.

प्रत्यक्षात सगळा जीव ‘जाळायचं’ या एका शब्दात आहे. मी ज्यांचं काम पाहत बसले होते, ते मावळातले साठीकडे झुकलेले मजूर होते. मामा म्हणायचे सगळे त्यांना. मामांनी आधी गवताची एक काडी मोडली. काडी वाकली, मोडली नाही. म्हणजे दव अजून उतरलेलं नाही, थांबायचं. थोड्या वेळाने दुसरी मोडली, ती कट्‌कन तुटली. मग चिमूटभर माती हातातून सोडून वाऱ्याचा कल पाहिला आणि डोंगराच्या वरच्या अंगाला जाऊन तिथून काडी लावली. खालून कधीच नाही. आग उताराने खाली येते तेव्हा गुडघ्याएवढी असते आणि तिच्या बरोबरीने चालता येतं. वर चढते तेव्हा तिच्यापुढे पळूनही भागत नाही.

यामागचं शास्त्र आगीचे अभ्यासक नेमक्या आकड्यांत सांगतात. चढाच्या दिशेने ज्वाळा उतारावर कलतात आणि पुढचं गवत पेटण्याआधीच वाळवून ठेवतात, चुलीत तिरकं सारलेलं लाकूड जसं भराभर धरतं तसं. उतार 10 अंशांनी वाढला की चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ऑस्ट्रेलियातल्या मॅकआर्थर यांच्या प्रयोगांतून आलेला ठोकताळा आज जगभर वापरतात. गवताचंही तसंच. जाड ओंडका दिवसेंदिवस ओल धरून राहतो, पण गवताची काडी हवेतल्या दमटपणाबरोबर तासाभरात बदलते. सकाळी आठला न पेटणारा उतार अकराला भडकतो तो यामुळेच. मामांना मॅकआर्थर ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांनी काडी मोडून पाहिली, ती मात्र याच नियमाची परीक्षा होती.

त्यांचं आणखी एक काम मी बराच वेळ न्याहाळत होते. करंजाची हिरवी पानाळ फांदी घेऊन पट्ट्याच्या कडेची आग विझवताना नवखा पोरगा फांदी आपटत होता. प्रत्येक फटक्यासरशी ठिणग्या उडत होत्या आणि त्या न जळलेल्या गवताकडे जात होत्या. मामांनी त्याच्या हातातली फांदी घेतली, आगीवर टेकवली, दाबली आणि जळलेल्या बाजूकडे ओढली. आवाज नाही, ठिणगी नाही. आता वनखात्याकडे पानं-कचरा उडवणारे ब्लोअर आले आहेत आणि ते उपयोगीही आहेत. पण अवघड कपारीला अजून फांदीच लागते, आणि ती दाबायची असते हे कुणीतरी शिकवावं लागतं.

खात्याचा इतिहास थोडक्यात सांगते. इंग्रजांच्या अमलात जंगल आगीपासून पूर्णपणे राखण्याचा पहिला मोठा प्रयोग आजच्या मध्य प्रदेशातल्या बोरीच्या जंगलात कॅप्टन पिअर्सन यांनी 1864-65च्या सुमारास केला. तो गाजला आणि आग म्हणजे शत्रू हे सूत्र देशभर गेलं. पुढे साल वृक्षाची रोपं आग पूर्ण बंद केलेल्या जंगलात नीट येत नाहीत, असं त्याच खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांच्यात यावर वर्षानुवर्षं वाद झडले. पण 1927च्या भारतीय वन अधिनियमात उतरलं ते पहिलंच सूत्र. कलम 26प्रमाणे राखीव वनात आग लावणं गुन्हा. कलम 79प्रमाणे जंगलात गुरं चारणाऱ्याने, तिथून चारा-सरपण नेणाऱ्याने आगीची खबर द्यायची आणि विझवायला मदत करायची. दोन्ही कलमं गरजेची आहेत. मात्र कायद्याला गावकरी दोनच रूपांत दिसतो, आरोपी किंवा मदतनीस. आगीबद्दल काही जाणणारा माणूस म्हणून त्याला त्यात जागा नाही, आणि मला ही उणीव फार मोठी वाटते.

याच परिसरातल्या एका झुडपाने या जुन्या वादाला नवं तोंड फोडलं आहे. तळेगाव दाभाड्याची जुनी ओळख गवताळ माळांची आणि चाऱ्याच्या बाजाराची. तिथल्या माळावर आदित्य धारप यांना अडुळसा-कोरांटीच्या कुळातली एक वनस्पती सापडली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले मंदार दातार, त्यांचे विद्यार्थी भूषण शिगवण आणि धारप यांनी तिचा पाठपुरावा केला आणि 2024मध्ये ती विज्ञानाला नवी असलेली जात म्हणून जाहीर झाली. नाव डायक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. (ही संस्था म्हणजे शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी 1946मध्ये उभी केलेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. आपल्याच माळावरची जात आपल्याच संस्थेने ओळखावी, याचा आनंद आहे.)

ही वनस्पती वर्षातून दोनदा फुलते. पहिला बहर पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, चारचौघींसारखा. दुसरा मे-जूनमध्ये, आणि तो येतो आगीनंतर. वरचं सगळं जळून जातं, पण जमिनीखाली लाकडासारखा टणक गड्डा असतो. माती उष्णता फार मंद वाहून नेते. गवताची आग झर्रकन निघून जाते, तोवर दोन-चार बोटं खालच्या मातीला तिची धग जेमतेम पोचते. पाऊस पडलेला नसतो, माळ करपलेला असतो, आणि त्या राखेतून या गड्ड्याला बुटके, फुलांनी लगडलेले कोंब फुटतात. वर पानांचा पसारा मांडत बसायचं नाही, साठवलेल्या शिदोरीवर थेट फुलायचं, असा तिचा खाक्या. तिचे जवळचे सोयरे भारतात नाहीत, आफ्रिकेत आहेत. तिथल्या गवताळ प्रदेशांत अशी जमिनीखाली खोड राखून जगणारी पुष्कळ झाडं-झुडपं आहेत.

याच माळावरचं कुसळी गवतही आगीला सरावलेलं आहे. डोंगरावरून आल्यावर पायमोज्यांतून उपसावी लागतात ती त्याचीच कुसळं. कुसळाची शेपटी ओलीने उलगडते, कोरडेपणाने पिळली जाते आणि या पिळण्या-उलगडण्यात टोकाशी असलेलं बी स्क्रूप्रमाणे मातीत उतरत जातं. आग येते तेव्हा बी आधीच जमिनीत असतं.

यातून दिसतं ते हे, की आपले हे माळ झाडं तोडून उजाड झालेलं जंगल नाहीत, निदान सगळे तरी नाहीत. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी मध्ययुगीन मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासून 2025मध्ये हेच मांडलं : पश्चिम महाराष्ट्राचा बराच भाग शेकडो वर्षांपूर्वीही विरळ झाडांचा, मोकळा, गवताळ होता. अशा प्रदेशात आग आणि चराई नवी नसते. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन टेकड्यांवरचे सोलिगा आदिवासी पूर्वी हिवाळा सरताना पालापाचोळ्याची हलकी आग घालत. ती बंद झाल्यावर घाणेरी कशी माजली, हे ते सांगतात आणि तिथल्या अभ्यासकांनी त्यांचं म्हणणं गांभीर्याने नोंदवलं आहे.

पण इथेच मला धास्ती वाटते. ‘आगीनंतर फुलणारं झुडूप’ एवढीच बातमी गावात पोचली, तर तिचा अर्थ ‘पेटवा, चांगलं असतं’ असा निघायला वेळ लागणार नाही. जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं, ही समजूत आहेच आणि तिच्यात थोडं तथ्यही आहे. राखेतून क्षार मिळतात, जुना थर गेल्याने कोवळे फुटवे उजेडाला येतात. तोच उतार दरवर्षी जाळला की मात्र जमीन उघडी पडते आणि वळवाच्या पहिल्या सरींबरोबर राख आणि माती दोन्ही ओढ्याला जातात. एप्रिलच्या दुपारी लागलेली आग टिटवीची, तित्तराची जमिनीवरची घरटी खाते. खुद्द डायक्लिप्टेरालाही आग केव्हाही, कितीही वेळा चालेल असं नाही. फुलं आलेली असताना दुसरी आग आली तर बी धरायच्या आतच सगळं संपलं. तिच्या अभ्यासकांचं सांगणंही तेच आहे : आग सांभाळून, तोलून वापरायला हवी. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी माणसं उभी करून जाळलेली तीन मीटरची पट्टी आणि एप्रिलच्या दुपारी फेकलेली जळती काडी यांना आपण एकाच नावाने आग म्हणतो, पण दोन्हींचे परिणाम निराळे.

हे कुणी, कुणाला सांगायचं? अमेरिकेत जॉइंट फायर सायन्स प्रोग्रामखाली 15 प्रादेशिक केंद्रं केवळ एवढ्याचसाठी आहेत : आगीवरचं संशोधन त्या त्या भागातल्या वनाधिकाऱ्यांपर्यंत, शेतकऱ्यांपर्यंत, रहिवाशांपर्यंत नेणं आणि त्यांचे प्रश्न उलट संशोधकांकडे आणणं. आपल्याकडे धागे आहेत, ते सुटे आहेत. संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत. जंगल वणव्यापासून, तोडीपासून राखणाऱ्या गावांचा गौरव करणारी संत तुकाराम वनग्राम योजना 2006-07पासून आहे, आणि ज्यांच्या नावाने ती आहे त्यांचे भांडारा आणि भामचंद्र हे दोन्ही डोंगर चाकण-तळेगावच्या औद्योगिक पट्ट्याला खेटून उभे आहेत. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीच्या सूचना थेट मोबाइलवर पाठवतं आणि कुणीही नागरिक त्यासाठी नाव नोंदवू शकतो. आपल्या भागात हे किती जणांना ठाऊक असेल?

उपग्रहावरही फार विसंबता येत नाही. मोडिस उपकरणाचा एक ठिपका म्हणजे साधारण एक किलोमीटरचा चौकोन, नव्या व्हीआयआयआरएसचा 375 मीटरचा. उपग्रह दिवसा-रात्री ठरावीक वेळी वरून जातो आणि गवताचा उतार दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत पेटून विझूनही जातो. शिवाय त्याला दिसते ती उष्णता. ती गवताची आहे, उसाच्या पाचटाची आहे की फाउंड्रीच्या भट्टीची, हे जमिनीवरच्या माणसानेच जाऊन पाहायचं.

तो जमिनीवरचा माणूसच बदलला आहे. गुरं घेऊन डोंगरावर जाणारी पिढी म्हातारी झाली. पोरं चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर आहेत आणि आग दिसली तरी पाळी सोडून येऊ शकत नाहीत. गावाच्या कडेला चाळी आणि सोसायट्या उठल्या. तिथे विदर्भ-मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची माणसं राहतात. या डोंगराचं गवत केव्हा वाळतं, वारा कुठल्या अंगाने फिरतो, हे त्यांना सांगायला कुणी जात नाही. रविवारी टेकडीवर जाणाऱ्यांचं तेच. 2018च्या मार्चमध्ये तमिळनाडूच्या कुरंगणीला ट्रेकिंगला गेलेले वीसहून अधिक जण वणव्यात दगावले, तेव्हा आग उतारावरून चढत होती. आग खालून येताना दिसली तर वर पळू नये, आडवं जावं, आधीच जळून गेलेल्या काळ्या जागेत शिरावं, ही तीन वाक्यं टेकडीच्या पायथ्याला लिहून ठेवायला काय हरकत आहे?

पावसाळ्यात कंपन्या हौसेने डोंगरावर रोपं लावतात. मार्चमध्ये त्यातली बरीच होरपळतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत नवी येतात. लावायच्या आधी तो उतार मुळात माळ आहे का, एवढं एखाद्या वनस्पतितज्ज्ञाला विचारलं, तर निम्मे खड्डे दुसरीकडे जातील आणि उरलेल्या रोपांभोवती जाळपट्टा काढायला पैसा उरेल.

पट्ट्याचाही एक पेच आहे. वनखात्याचा जाळपट्टा वनखात्याच्या हद्दीपर्यंत. पलीकडे गायरान, मग कुणाची तरी विकत घेऊन पडीक ठेवलेली जमीन, मग रस्त्याची कड, मग कंपनीची भिंत. हद्दीबाहेरच्या या तुकड्यांवरही कमरेएवढं गवत वाढतं आणि ते कापायला कुणी येत नाही. मामांनी पट्टा संपतो तिथे उभं राहून हात करून मला रस्ता दाखवला. ठिणगी तिकडूनच येते, असं त्यांचं म्हणणं होतं.

कारखान्यांत 4 मार्चपासून राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह असतो, 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन. सेफ्टी ऑफिसर अग्निशामक नळकांडी कशी वापरायची ते दाखवतात, शपथ होते, बक्षिसं होतात. दोन्ही तारखा ऐन वणव्याच्या हंगामात येतात. भिंतीपलीकडचं गवत कापण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. मला विचाराल, तर हा कार्यक्रम डोंगरासाठी डिसेंबरात घ्यावा. चाकण आणि तळेगावच्या कंपन्यांनी आपापल्या भिंतीबाहेरचे तीन मीटर कापून घ्यावेत, आघारकर संस्थेतल्या कुणालातरी माळाबद्दल बोलायला बोलवावं, 1926 हा वनखात्याचा मदत क्रमांक गेटवर लावावा. आणि फांदी आगीवर कशी दाबायची, हे दाखवायला जाळपट्ट्यावरच्या मजुरांना, त्या दिवसाची पूर्ण मजुरी देऊन, शिकवणारे म्हणून बोलवावं.