अर्थशास्त्र की कायदा?



दहावीचा निकाल लागला की एक प्रश्न माझ्या कार्यालयात हमखास येतो. यंदा आपल्या एका हुशार मुलीने अर्थशास्त्र घेऊन कला शाखेत जायचे ठरवले. वडील काळजीने म्हणाले, “सर, आर्ट्‌स घेऊन ही पुढे करणार काय?” मी त्यांना आपल्या इंदूरजवळच्या महूचे उदाहरण दिले.

महू येथे १८९१ साली जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्याला राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ठाऊक आहेत. पण ते मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असे दोन्ही अभ्यास त्यांनी बरोबरीने सुरू केले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले व १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले.

या दुहेरी अभ्यासाचा उपयोग काय? कोलंबियाच्या पीएच.डी.साठी त्यांचा विषय होता, ब्रिटिश हिंदुस्थानात केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाचे व्यवहार. १९४७ मध्ये ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा हाच प्रश्न देशापुढे होता. घटनेच्या कलम २८० प्रमाणे साधारण दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो. केंद्राच्या करांतून राज्यांना किती वाटा द्यावा, याची शिफारस तो करतो. राज्य सरकार शाळा, रस्ते, दवाखाने यांवर खर्च करते, त्यात हा पैसाही असतो. अधिकार कोणाचा हे कायदा सांगतो, तिजोरीत काय आहे हे अर्थशास्त्र सांगते. दोन्ही जाणून लोकांसाठी निर्णय घेणे, ही लोकनीती.

मी हिंदी माध्यमाचा पदवीधर. आम्ही अर्थशास्त्र पाठ केले; ते कायद्याला कुठे भिडते, हे कुणी सांगितले नाही. आज बारावीनंतर भोपाळच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी. करता येतो. प्रवेश ‘क्लॅट’ परीक्षेने मिळतो, शाखा कोणतीही चालते. मात्र अर्थशास्त्रात पुढे जायचे असेल, तर गणित सोडू नका.

त्या मुलीने अर्थशास्त्राबरोबर गणितही घेतले. फॉर्मवर सही वडिलांनीच केली.

आपला,
प्राचार्य