सागवानी फरशी : उन्हाळा-पावसाळ्याचं गणित

बल्लारपूर-आलापल्लीच्या सागाची ख्याती वेगळी सांगायला नको. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते बल्लारपूरहूनच. पण हेच लाकूड घरात जमिनीवर अंथरलं की कधी फटी पडतात, कधी फळ्या फुगतात. असं का?

कारण ओलावा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र हवेप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा भट्टीसारखी कोरडी, ऑगस्टमध्ये चिंब. समजा लाकडातला ओलावा ६ टक्क्यांनी वाढला, तर १०० मि.मी. रुंदीची साधी चिरलेली फळी साधारण १ मि.मी. फुगते. ३ मीटर रुंद खोलीत अशा ३० फळ्या, म्हणजे ३० मि.मी.! भिंतीशी जागा नसेल तर फरशी मधोमध वर उचलली जाणारच.

मग काय करायचं? टोकाकडून पाहिल्यावर वाढीच्या रेषा उभ्या दिसतील अशा फळ्या निवडा. त्या जवळपास निम्म्यानेच हलतात. कडेचं पांढरट लाकूड नको, त्याला कीड आणि वाळवी लवकर लागते. नीट सुकवलेलाच माल घ्या, काही दिवस त्याच खोलीत ठेवा आणि भिंतीलगत फट सोडून वर पट्टी मारा.

रोज कोरडा झाडू, नंतर घट्ट पिळलेलं फडकं. बादलीभर पाणी ओतून धुणं बंद! पॉलिशमुळे ओलावा उशिरा शिरतो, पण थांबत नाही.

साग तयार व्हायला कित्येक दशकं लागतात. फरशी बिघडायला एक पावसाळा पुरतो.