पट्टीवरची एक ओळ बदलली, तर किती कोड हलतो?

लोणंदच्या बाजारात कांद्याचा लिलाव झाला, माल तोलला गेला, की शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. गोण्या किती, वजन किती, भाव काय निघाला. त्याखाली हमाली, तोलाई, आधी उचल घेतली असेल तर तिची वजावट आणि तळाशी हाती येणारी रक्कम. कपातीच्या या रांगेत पूर्वी आडतही असायची. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की फळं, भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची. नाशिककडच्या बाजारांत व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, पेपरांचे रकाने भरले. या निर्णयाची एक बाजू मात्र चर्चेत आली नाही. पट्टी संगणकावर निघत असेल, तर त्या प्रोग्रामचं अशा वेळी काय होतं?

दोन शक्यता आहेत. पहिलीत आडतीचं गणित जिथं लागलं तिथं लिहून टाकलेलं असतं: पट्टीत, खरेदीदाराच्या बिलात, आडत्याच्या खतावणीत, महिन्याच्या अहवालात. नियम बदलला की प्रोग्रामर ही ठिकाणं शोधत बसतो. एक जरी नजरेतून सुटलं, तरी आडत दोघांकडून कापली जाते किंवा कोणाकडूनच नाही. दुसऱ्या शक्यतेत ‘आडत’ हा प्रोग्रामचा स्वतंत्र घटक असतो. दर किती आणि तो कोणाच्या माथी, हे त्या एकट्याला ठाऊक असतं. बाकीचे फक्त त्याला विचारतात. मग बदल एकाच जागी होतो आणि पट्टी बिनबोभाट नव्या नियमानं निघते.

माहिती आणि तिच्यावर करायचं काम यांची अशी एकत्र मोट बांधली, की तिला ऑब्जेक्ट म्हणतात. ही कल्पना ऑस्लोची. नॉर्वेच्या संगणन केंद्रात क्रिस्टन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल यांना कारखाने, रांगा, वाहतूक यांच्या खऱ्या व्यवहाराची नक्कल संगणकावर उतरवायची होती. त्यातून १९६७ मध्ये सिम्युला ६७ ही भाषा आकाराला आली आणि २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला. पण घटक पाडायचे कुठून, याचा मला सर्वांत पटलेला निकष डेव्हिड पार्नास यांचा आहे. ते तेव्हा अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात होते. कामाच्या पायऱ्या पाहून तुकडे पाडू नका, असं त्यांनी १९७२ च्या निबंधात मांडलं. पुढे कोणता निर्णय बदलण्याची शक्यता आहे ते आधी ओळखा आणि त्या प्रत्येक निर्णयाला एकेका घटकाच्या पोटात दडवा. आडतीचा निर्णय असाच दडवण्याजोगा.

या पद्धतीचं खरं बळ वजनाच्या वेळी दिसतं. गोणीतला कांदा काट्यावर तोलून बारदानाची घट वजा होते. मोकळा कांदा ट्रॉलीतून आला तर भुईकाट्यावर ट्रॉली आधी भरलेली चढते, नंतर रिकामी. पट्टी छापणाऱ्या कोडला यातलं काहीच माहीत असायची गरज नाही. ‘निव्वळ वजन सांग’ एवढंच तो विचारतो. गोणी आपल्या रीतीनं सांगते, ट्रॉली आपल्या.

आता त्याच प्रोग्राममध्ये कोणी मेथी आणली. ती जुडीवर जाते, भाव शेकड्याचा. मेथीला ‘वजनी माल’ या क्लासची, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्याची, वारस केली तर वजन विचारताच गाडं अडतं. एमआयटीच्या बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेलं तत्त्व इथं लागू पडतं: मूळ क्लासनं जे वचन दिलं, ते प्रत्येक वारसानं पाळलं पाहिजे. पाळता येत नसेल तर वारसा तिथं चुकीचा आहे. मेथीला वेगळं घर द्यावं लागतं.

रचना चांगली की वाईट, हे नियम बदलायच्या आधीच कळलं तर? १९९४ मध्ये एमआयटीतून श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर यांनी सहा मापं सुचवली. एक क्लास इतर किती क्लासांत गुंतला आहे, वारशाची साखळी किती खोल आहे, अशी. दोन वर्षांनी मेरीलँड विद्यापीठात व्हिक्टर बासिली आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांनी बांधलेल्या आठ प्रणालींवर ती तपासली. चुका कुठल्या क्लासात निघतील याचा अंदाज त्यांतल्या बहुतेक मापांवरून बांधता आला. पण २००१ मध्ये कॅनडातल्या खालेद एल एमाम यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं बोट ठेवलं. मोठ्या क्लासात चुका जास्त असणारच. आकाराचा परिणाम बाजूला काढला, तर यातल्या बऱ्याच मापांची ताकद ओसरते. मला हा आक्षेप मोलाचा वाटतो. क्लास चार हजार ओळींचा झाला आहे हे दिसत असताना सहा आकड्यांच्या मागे लपू नये, इतकं तरी त्यातून पक्कं होतं.

या संशोधनातला एक मोठा धागा आपल्याच वाटेवर आहे. लोणंदहून नीरा, जेजुरी, सासवड करत दिवे घाट उतरला की हडपसर. तिथल्या औद्योगिक वसाहतीत टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही टीसीएसची संशोधनसंस्था वाढली. स्थापना १९८१ ची. विनय कुळकर्णी, श्रीधर रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं मॉडेलमधून कोड काढण्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यातून मास्टरक्राफ्ट हे साधन उभं राहिलं. व्यवहारातले घटक, त्यांची नाती, त्यांचे नियम आधी मॉडेलमध्ये मांडायचे. त्यावरून कोड साधनानंच तयार करायचा. उद्या खालचं तंत्रज्ञान बदललं तरी मॉडेल तेच, कोड नवा. एका मॉडेलचं दुसऱ्यात रूपांतर कसं करायचं, याचं क्यूव्हीटी नावाचं आंतरराष्ट्रीय मानक २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. ते घडवण्याच्या प्रक्रियेत लंडनचं किंग्ज कॉलेज, यॉर्क विद्यापीठ यांच्या जोडीला टीसीएसही होती. विद्यापीठातली कल्पना आणि कंपनीतली निकड एका टेबलाशी बसली, की काय निघतं, याचं मला हे आपल्याकडचं ठळक उदाहरण वाटतं.

लोणंद, फलटण, खंडाळ्याची मुलंमुली संगणक शिकायला सातारा, सांगली, पुणे गाठतात. तोंडी परीक्षेत त्यांना चार व्याख्या विचारल्या जातात आणि वारसा शिकवायला ‘प्राणी’ आणि ‘कुत्रा’ हेच क्लास पुढे येतात. त्याऐवजी पट्टीचा प्रोग्राम लिहायला द्यावा. तो चालू लागला, की जुलै २०१६ चा निर्णय हातात ठेवावा आणि सोबत एक अट घालावी: जून महिन्याची पट्टी ऑगस्टमध्ये पुन्हा मागितली, तर ती जुन्या आडतीसकट निघाली पाहिजे. मग पाहावं, कोणाला किती क्लास उघडावे लागले, आणि गुण त्यावर द्यावेत.