धर्माच्या गाईचे दात

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स मात्र कोणी फुकट दिला तरी आधी वरचं झाकण उघडायचं आणि दातच मोजायचे. अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांना हे शहाणपण भंगाराच्या ढिगाऱ्यांतच आलं.

दक्षिण कॅलिफोर्नियात १९३०च्या दशकात पोरंसोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायची. मडगार्ड काढायची, बॉनेट काढायची, इंजिनाला चढवता येईल तेवढी ताकद चढवायची आणि मुरॉकच्या कोरड्या तलावावर जाऊन गाडी पळवायची. १९३७ साली या हॉट रॉडवाल्यांची रीतसर संघटनाही झाली. त्यांचं लाडकं इंजिन म्हणजे फोर्डने १९३२ मध्ये आणलेलं फ्लॅटहेड व्ही-एट: २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. त्याच्याबद्दल ढीगभर लिहिलं गेलंय. ती ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या पेटीबद्दल तुलनेने फार थोडं.

जुन्या वळणाची गाडी बांधणारा आजही फोर्डचा १९३९चा तीन गिअरांचा बॉक्स शोधत फिरतो, आणि त्याला कारण आहे. फोर्डने १९३२ पासून दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रोनायझर दिला. दात एकमेकांत अडकण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग सारखा करणारी ही रचना पुढच्या वर्षांत सुधारत गेली. सिंक्रोनायझर नसलेल्या गाड्यांत डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडत नसे. एसटीच्या जुन्या चालकांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या डाव्या पायाला ती लय पाठच होती. १९४० मध्ये फोर्डने गिअरची दांडी जमिनीवरून स्टिअरिंगच्या खांबावर नेली. म्हणजे सुधारलेला सिंक्रोनायझर आणि जमिनीवरची दांडी अशी जोडी जुळली ती १९३९ला. हात खाली नेऊन दांडी खेचण्यातलं सुख ज्याला हवं, त्याची धाव तिथंच संपते.

जाणकार त्या पेटीत आणखी एक करामत करत. लिंकन झेफिर ही फोर्डच्याच घरची महागडी बारा सिलिंडरची गाडी. तिचे गिअर फोर्डच्या पेटीत बसतात. त्यांच्यात पहिला गिअर लांब पल्ल्याचा असतो आणि दुसरा वरच्या गिअरच्या जवळ. त्यामुळे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे धाडकन पडत नाहीत. बाहेरून पेटी साधीसुधी, आत श्रीमंत घरचे दात.

भंगारात पेटी सापडली की सुरुवात तेलापासून करायची. खालचा बूच काढून तेल पांढऱ्या कापडावर घ्यावं. पितळी चमक दिसली तर सिंक्रोनायझरची कडी झिजली आहे; ती बदलता येते. पोलादाचे कण दिसले तर दात गेले. मग झाकण. पहिला आणि रिव्हर्स गिअर सरकणारे, सिंक्रोनायझर नसलेले. गाडी पुरती थांबायच्या आत पहिला टाकणाऱ्या अधीर चालकांनी त्या दातांच्या कडा बोथट केलेल्या असतात. खालच्या दांड्यावर चार गिअर एकाच तुकड्यात असतात. त्यातला एक दात तुटला तरी सगळा तुकडा बदलावा लागतो. सौद्याचा भाव मुळात याच तुकड्यावर ठरतो. पेटी उघड्यावर पडून पाणी साचलं असेल तर वरचे दात लखलखीत आणि खालचे गंजून खड्डे पडलेले दिसतात. म्हणून दांडा पूर्ण फिरवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. ओतीव लोखंडाच्या बोल्ट बसणाऱ्या कानांपाशी तडा गेलाय का, हे पाहायला रॉकेल पुसून वर खडूची पूड लावावी. तडा असेल तर ओली रेघ उमटते.

दुसरा गिअर आपोआप सुटतो, ही या फोर्डांची जुनी तक्रार. गिअर ढकलणारा काटा झिजलेला असतो, दांड्याला पुढे-मागे खेळ आलेला असतो किंवा सिंक्रोनायझरचे छोटे दात गोलावलेले असतात. विकणारा हमखास म्हणणार, ‘फक्त दुसरा सुटतो.’ त्या ‘फक्त’ला भुलू नये.

गिअरबॉक्स कधी एकटा येत नाही. १९४८ पर्यंतच्या फोर्ड मोटारींत मागचा दांडा एका बंद नळीत असे आणि ती नळी गाडीला पुढे ढकलण्याचं कामही करी. पेटी बदलली की नळी बदलते, नळी बदलली की मागचा अॅक्सल. एक मणी काढला की सगळी माळ ओवायला बसावं लागतं.

१९४९ पासून ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकची नवी ताकदवान इंजिनं आली आणि फोर्डचे दात तुटू लागले. कोणी लासालची भक्कम पेटी शोधली, कोणी हायड्रामॅटिककडे वळलं. हायड्रामॅटिकची कथा मला सगळ्यांत मोहवते. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याने कॅडिलॅकला १९२८ मध्ये सिंक्रोनायझर दिला, आणि पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली क्लचचं पेडलच नसलेली, चार गिअरांची ही पेटी घडली. १९४०च्या ओल्ड्समोबिलमध्ये ती आली, युद्धात स्टुअर्ट रणगाड्यांत बसली. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, साधं तेलाचं कपलिंग होतं. त्यामुळे गिअर धसकन पडे. बाजारहाटाला निघालेल्या बाईंना ते खटके, ड्रॅग रेसवाल्याला मात्र तेच हवं होतं. १९५६ मध्ये तो धक्का मऊ करण्यात आला आणि रेसवाले आदल्या वर्षापर्यंतचा माल धुंडाळू लागले.

मिशिगनमधल्या लिव्होनियाचा हायड्रामॅटिक कारखाना १२ ऑगस्ट १९५३ रोजी जळाला. कापकामाच्या ठिणग्या कन्व्हेयरखालच्या ठिबकपात्रात पडल्या आणि आग भडकली. उत्पादन थांबलं. मधल्या काळात कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलमध्ये ब्युइकची डायनाफ्लो बसवली गेली, पॉन्टियाकमध्ये शेवरलेची पॉवरग्लाइड. मग काम विलो रनला हललं. युद्धात बॉम्बर विमानं बांधणारी तीच ती इमारत. म्हणून १९५३ची ओल्ड्समोबिल दिसली की आत हायड्रामॅटिक असणारच, असं गृहीत धरू नये. पाट्या बाहेर असतात, पेटी आत.

आज व्यवहारी माणूस शेवरलेच्या एस-टेन पिकअपमधली पाच गिअरांची टी-५ घेतो. दांडी पुढे येते, पाचव्यात इंजिन शांत होतं, महामार्गावर जीवही शांत राहतो. त्यात चूक काहीच नाही. तरी १९३९च्या पेटीसाठी लोक तासन्‌तास गाडी चालवत जातात. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की दातांचा तो बारीक, चढत जाणारा हुंकार पायाखालून येतो, आणि दुसरा गिअर पडताच थांबतो.