शालिभद्राच्या खिरीतले दूध

दिवाळीच्या वहीपूजनात नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण काही नावे श्रद्धेने लिहितो. गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी आणि कयवन्ना शेठचे सौभाग्य आपल्यालाही लाभावे, ही त्यामागची भावना. सगळा हिशेब संगणकावर ठेवणारे व्यापारीही त्या दिवशी एक लाल वही आणतात, कुंकवाने स्वस्तिक काढतात आणि ही नावे हाताने लिहितात. पेढीवरची ही परंपरा मला फार प्रिय आहे. मात्र ज्या शालिभद्राच्या ऋद्धीची आपण इच्छा करतो, त्याच्याकडे ती आली कोठून, ही कथा आपण अर्धीच लक्षात ठेवली आहे, असे मला वाटते.

शालिभद्र पूर्वजन्मी संगम नावाचा गरीब गुराखी मुलगा होता. सणाच्या दिवशी इतर घरांत शिजलेली खीर पाहून त्याने आईजवळ हट्ट धरला. घरात काहीच नव्हते. आईला रडू कोसळले. ते ऐकून शेजारणी आल्या. कुणी दूध दिले, कुणी तांदूळ, कुणी साखर. खीर झाली, ताटात वाढली गेली, आणि तेवढ्यात महिन्याच्या उपवासाच्या पारण्यासाठी एक मुनी दारात आले. संगमने सगळी खीर त्यांच्या पात्रात ओतली. त्या दानाचे फळ म्हणून पुढच्या जन्मी राजगृहीत तो शालिभद्र झाला आणि त्याचे वैभव पाहून राजा श्रेणिकही चकित झाला.

व्याख्यानांत या कथेतील सुपात्रदानाचा महिमा सांगितला जातो, आणि तो योग्यच आहे. शेजारणी मात्र एका वाक्यात येतात आणि एका वाक्यात जातात. खीर संगमची खरी; परंतु तिच्यातले दूध, तांदूळ, साखर यांपैकी काहीही त्याचे नव्हते. बँकेच्या नोकरीत वर्षानुवर्षे कर्जखाती तपासल्यामुळे असेल, कथेतील ही नोंद माझ्या नजरेतून सुटत नाही. भांडवल शेजाऱ्यांचे होते.

आपल्या धर्मात कृतज्ञतेचा प्रश्न इतरांपेक्षा थोडा वेगळा आहे. घरातील लहान मुले तो नेमका विचारतात. शाळेतील मित्र परीक्षेआधी गणपतीला नवस बोलतो आणि पास झाल्यावर पेढे ठेवतो. आपला जिनेश्वर वीतराग. तो प्रसन्न होत नाही आणि रुष्टही होत नाही. नवकारात तर मागणीच नाही. पंच परमेष्ठींना केवळ वंदन आहे, तेही कुणा एकाचे नाव न घेता. मग चांगले घडले तर आभार कुणाचे मानायचे? ‘आपल्या पुण्याचे’ असे उत्तर घरोघरी दिले जाते. ते शास्त्राला धरून असले तरी अपुरे आहे, आणि व्यापारी घरात थोडे धोक्याचेही आहे. सगळे माझ्या पुण्याईने मिळाले, असे म्हणता म्हणता ‘माझ्या’ या शब्दावर जोर कधी जातो, ते कळत नाही.

दुसरे उत्तर तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. उमास्वातींनी तेथे एकेका द्रव्याचे कार्य सांगितले आहे. जीवाची पाळी आली तेव्हा, जीवांनी परस्परांवर उपकार करावा हेच जीवाचे कार्य, असा त्यांनी निर्वाळा दिला. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने १९७४-७५ च्या सुमारास सर्व संप्रदायांनी मिळून जे जैन प्रतीक स्वीकारले, त्याच्या तळाशी हेच सूत्र आहे. आपल्या लग्नपत्रिकांवर, गाड्यांच्या काचांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर ते रोज दिसते. तेव्हा आभार मानायला माणसे आहेत, आणि ती हाताच्या अंतरावर आहेत.

यात्रेत ती विशेष दिसतात. सहकुटुंब पालिताण्याला गेलेल्यांना वेगळे सांगायला नको. शत्रुंजयाच्या सुमारे साडेतीन हजार पायऱ्या, वर मंदिरांची नगरी. डोंगरावर काही खायचे नाही, मुक्काम करायचा नाही, दिवस मावळण्यापूर्वी सर्वांनी खाली उतरायचे. मुंबईकराने तेथे मोतीशा शेठच्या टुकेपाशी थोडे अधिक थांबावे. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर ज्यांनी उभारले, तेच हे मोतीशा. दोन शिखरांमधली कुंतासारची खोल दरी भरून काढून त्या भरावावर त्यांनी ही टुक बांधायला घेतली. १८३६ मध्ये ते निवर्तले. प्रतिष्ठा त्यांच्या पश्चात १८३७ मध्ये झाली. एवढी दरी भरायला जे दगड लागले, ते ज्या खांद्यांवरून वर चढले, त्यांचा शिलालेख कोठे नाही.

तसे खांदे आजही तळेटीला उभे असतात. यात्रेकरूच्या वजनानुसार डोलीचा दर ठरतो, आणि तेथे आपल्यातील व्यापारी जागा होतो. पन्नास-शंभर रुपयांसाठी पंधरा पंधरा मिनिटे घासाघीस चालते. त्यानंतर तेच गृहस्थ वर जाऊन पहिल्या पूजेच्या बोलीत आकडा चढवताना क्षणभरही थांबत नाहीत. बोलीला माझा विरोध नाही. तिच्यातून देवद्रव्य उभे राहते, जीर्णोद्धार होतात. पण जो माणूस आपल्या आईला दादांच्या दरबारापर्यंत खांद्यावरून नेणार, त्याच्याशी भाजीबाजारातला हिशेब मांडणे मला मनापासून आवडत नाही.

माझी आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शेवटची शत्रुंजयावर गेली ती डोलीतून. वाटेत प्रत्येक विसाव्याला ती डोलीवाल्यांना “पाणी प्यायलात का?” एवढेच विचारत होती. खाली उतरल्यावर यात्रेकरूंना भाता देतात, वाटेची शिदोरी म्हणून लाडू आणि शेव. आईने आपला लाडू फोडून डोलीवाल्यांच्या हातांवर ठेवला आणि हात जोडून म्हणाली, “आज तुम्ही मला लाभ दिलात.”

‘लाभ’ हा शब्द आपण कसा वापरतो, याचा विचार करण्यासारखा आहे. दुकानाच्या भिंतीवर ‘शुभ-लाभ’ लिहिताना त्याचा अर्थ नफा. गोचरीसाठी आलेल्या साधू-साध्वींना पोळी-भाजी वहोरावताना मात्र देणारा म्हणतो, “लाभ द्या.” देणारा घेणाऱ्याचे आभार मानतो. इतर व्यवहारात अशी नोंद जमेला टाकली तर हिशेबतपासनीस हरकत घेईल. आपल्या घरात ती रोज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होते. आईने तो शब्द डोलीवाल्यांसाठी वापरला. त्यांना तो अपरिचित नसावा, पण आपल्या बाबतीत तो वापरलेला त्यांनी क्वचितच ऐकला असेल. दोघे हसले, एकाने मान खाली घातली.

सम्मेद शिखरजीलाही हेच. जानेवारी २०२३ मध्ये त्या तीर्थाच्या पावित्र्यासाठी आपण मुंबईच्या रस्त्यांवर उतरलो आणि केंद्र सरकारने तेथील पर्यटनाच्या तरतुदींना स्थगिती दिली. त्याच पारसनाथ पर्वताला संथाळ समाज मरांग बुरू म्हणून पूजतो, आणि त्या दिवसांत तेही आपली बाजू मांडायला रस्त्यावर आले होते. चढण, टुकांची वंदना आणि उतरण मिळून सत्तावीस किलोमीटरच्या त्या वाटेवर आपल्या वृद्धांना खांद्यावर घेणारे याच परिसरातील गरीब लोक असतात. त्यांच्याशी बोलताना आपला सूर मालकाचा असू नये, एवढे मला वाटते.

यात्रेला निघावे लागते. आम्ही लालबागला तर राहतच होतो. आजोबा कच्छहून आले तेव्हा त्यांना जागा मिळाली ती गिरणी कामगारांच्या खोलीत. त्या काळी एका खोलीत पाळ्यांप्रमाणे माणसे झोपत. रात्रपाळीला गेलेल्या एका कामगाराच्या जागेवर आजोबा रात्री पाठ टेकत आणि पहाटे तो आला की उठून दुकानात नोकरीला जात. पुढे त्यांनी स्वतःचे लहानसे किराणा दुकान काढले. मी लालबागच्या मराठी शाळेत शिकलो आणि बँकेत लागलो. दुकान बापुजींकडे राहिले.

त्या भागातील व्यापार आणि वस्ती एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाही. ‘लालबागचा राजा’ आज साऱ्या देशाला माहीत आहे. त्याच्या जन्मामागे बाजार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पेरू चाळीच्या ठिकाणचा बाजार बंद झाल्यावर उघड्यावर बसणाऱ्या कोळी बांधवांनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला, असा तो इतिहास सांगितला जातो. आपल्या दर्शनात नवसाला स्थान नाही. तरीही त्या वस्तीच्या आणि बाजाराच्या आधारानेच आमच्यासारख्या अनेकांची दुकाने चालली, हे नाकारता येणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पहिल्या महिन्यात दुकानातली उधारी नेहमीपेक्षा थोडी वाढली, एवढेच. पगाराच्या तारखा एकामागून एक कोरड्या गेल्या, तशी खतावणीची पाने भरू लागली. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे स्वतःची एक छोटी वही असे. माल दिला की बापुजी तिच्यात आणि आपल्या वहीत अशी दोन्हीकडे नोंद करत. संप लांबला तेव्हा त्यांनी एक नियम केला. तांदूळ, गहू, डाळ, तेल यांना कुणालाही नाही म्हणायचे नाही. साबण, चहापावडर, अगरबत्ती यांत हात आखडता घ्यायचा. कुणाच्या घरी आजारपण असेल तर तोही नियम सोडायचा.

हे काही त्यांच्या एकट्याच्या बळावर झाले नाही. दाणाबंदरच्या एका घाऊक व्यापाऱ्याने त्यांची देण्याची मुदत तीनदा वाढवून दिली. कागद केला नाही, व्याज मागितले नाही. बापुजींनी त्या शेठची परतफेड करायला पुढे कित्येक वर्षे घेतली आणि दरवर्षी संवत्सरीला त्यांच्या घरी स्वतः जाऊन मिच्छामि दुक्कडम् केले. आजूबाजूची इतर दुकानेही त्या काळात कमी-अधिक प्रमाणात उधारीवरच वस्ती चालवत होती. कुणी पाने मिटली, कुणी उघडी ठेवली; त्यांना दोष देण्याचे मला कारण नाही, कारण दुकान बुडाले तर उधारी देणाराही उरत नाही.

त्या दिवाळीला नव्या वहीत बाकी ओढताना मी बापुजींच्या शेजारी बसलो होतो. बँकेच्या भाषेत ज्यांना संशयित वसुलीची खाती म्हणतात, तशी कितीतरी खाती होती. मी तसे म्हणालो. त्यांनी लेखणी थांबवली नाही. “तुझे आजोबा ज्या जागेवर झोपत, तिचे भाडे त्या माणसाने कधी घेतले नाही,” एवढेच म्हणाले. मग पुढचे नाव लिहिले.

संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. माणसे कोकणात, साताऱ्याकडे आपापल्या गावी परतली. बरीच उधारी आली नाही. काही आली ती फार उशिरा. सावंतवाडीकडचे एक गृहस्थ सहा-सात वर्षांनी दुकानात आले. हातात तीच छोटी वही, कडा उंदरांनी कुरतडलेली. बापुजींनी माळ्यावरून जुनी खतावणी काढली. त्यांच्या वहीत आमच्या वहीपेक्षा अकरा रुपये जास्त निघाले. त्यांचे म्हणणे, आपलीच वही खरी, तेवढे पैसे घ्या. बापुजींचे म्हणणे, दुकानाची वही खरी, अकरा रुपये कमी द्या. हा वाद चहा येईपर्यंत चालला.

आता त्या चाळींच्या जागी उंच इमारती आहेत, आणि त्यांतील अनेक घरांत आपली कुटुंबे आहेत. शेजार बदलला आहे, बोलणेही बदलले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून दोन्हीकडून जे बोलले गेले, ते ऐकताना मला वारंवार वाटे की, या दोन समाजांमध्ये शंभर वर्षांची खतावणी आहे, ती कुणीतरी माळ्यावरून काढायला हवी. जीवदया आपला प्राण आहे. पण जीवांत शेजारीही येतात. परळला टाटा रुग्णालयाच्या आणि केईएमच्या परिसरात गावाहून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक रस्त्याकडेला दिवस काढताना दिसतात. आपली तरुण मुले सुट्टीच्या दिवशी तेथे जेवण घेऊन जातात, हे पाहून समाधान होते. त्यांतील एका मुलाला मी एवढेच सुचवले की, छायाचित्र काढण्यापूर्वी समोरच्या माणसाचे गाव विचारावे.

बापुजी १९९६ मध्ये गेले. १९८२ च्या वहीतील चाळीसएक खाती तेव्हाही उघडीच होती. त्यांनी ती बुडीत म्हणून कधीच वळती केली नाहीत. पावसाचे दिवस होते, नातेवाईक पोहोचायचे होते. चाळीतल्या लोकांनीच सगळी तयारी केली. खांदा द्यायला जे चौघे पहिल्यांदा पुढे झाले, त्यांपैकी तिघांची नावे त्या वहीत होती.