कुलूप उघडणाऱ्यांचा मेळा

मंडळी, कुलूप कोण कोण उघडतो? ज्याचे घर आहे तो उघडतो. त्याच्याजवळ किल्ली असते. चोर उघडतो. त्याच्याजवळ किल्ली नसते, हत्यार असते. पण तिसराही एक असतो. तो बाजारच्या दिवशी झाडाखाली पोते अंथरून बसतो आणि हरवलेल्या किल्लीच्या जागी नवी करून देतो. कुलपाच्या पोटात काय आहे ते त्याला ठाऊक असते. तुमच्या पेटीत काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

या तिसऱ्या तऱ्हेच्या माणसांचा एक मोठा मेळा आम्ही २०२३ साली पाहिला. तो भरला होता दूर जर्मनी देशात, हँबर्ग शहरी.

तुम्ही म्हणाल, गुरुजी तिकडे कसे पोहोचले? आमची मुलगी आणि जावई त्या शहरात नोकरीला आहेत. त्या वर्षी त्यांनी आम्हाला बोलावून घेतले. हँबर्ग हे एल्बे नदीवरचे मोठे बंदर. डिसेंबरात तिथे दुपारी चारलाच दिवस मावळतो. थंडीत घरात बसून बसून आम्ही कंटाळलो. तेव्हा जावई म्हणाले, "चला, तुम्हाला आमची जत्रा दाखवतो." आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. इंग्रजी वाचता येते, पण कोणी भराभर बोलू लागला की आम्ही मागे पडतो. तिथे जावई आमच्या कानाशी मराठीत सांगत बसले.

आधी संगणक म्हणजे काय ते सांगू. संगणक हे हिशेब करणारे यंत्र. तुमच्या खिशातला मोबाइल हाही लहान संगणकच आहे. या यंत्राला स्वतःची अक्कल नसते. माणसाने त्याला आज्ञा लिहून दिलेल्या असतात. असे झाले तर हे कर, तसे झाले तर ते कर. आज्ञा लिहिणारा चुकला, तर यंत्रही बिनदिक्कत चुकते. या आज्ञा बारकाईने वाचून त्यांतली फट शोधणाऱ्याला हॅकर म्हणतात. फट सापडल्यावर त्यातून हात घालून पैसे नेणारेही आहेत. वर्तमानपत्रांत नाव येते ते बहुधा त्यांचेच. पण आम्ही पाहिले ते लोक फट सापडली की चारचौघांत ओरडून सांगणारे.

त्यांच्या मंडळाचे नाव केऑस कॉम्प्युटर क्लब. केऑस म्हणजे गोंधळ. आपला अंबाबाईचा गोंधळ नव्हे बरे का! तिथे संबळ नाही की दिवटी नाही. सगळे अस्ताव्यस्त, या अर्थी गोंधळ. हे मंडळ १९८१ साली बर्लिन शहरात निघाले. १९८४ पासून त्यांचा मेळा भरतो, नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या दिवसांत.

त्याच १९८४ साली या मंडळाने एक गोष्ट केली. जर्मनीच्या टपाल खात्याने तेव्हा एक नवी सोय काढली होती. घरच्या टेलिफोनच्या तारेवरून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मजकुराची पाने दिसत. काही पाने पाहायला पैसे पडत आणि ते पाहणाऱ्याच्या खात्यातून जात. यात फट आहे, असे मंडळाचे म्हणणे होते. खाते म्हणाले, आमची सोय पक्की आहे. तेव्हा या मंडळींनी हँबर्गच्या एका बचत बँकेचा परवलीचा शब्द वापरला. बँकेच्या नावावर आपलेच एक पान रात्रभर पुन्हा पुन्हा मागवले. एका वेळेला सुमारे दहा मार्क. सकाळपर्यंत बँकेच्या नावावर सुमारे १ लाख ३५ हजार मार्कांचे बिल झाले. मग त्यांनी स्वतःच वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून सगळे सांगितले. पैसे ठेवून घेतले नाहीत.

आम्हाला हे पुरते पटले असे नाही. रात्री दुसऱ्याच्या खात्याला हात लावायचा आणि सकाळी शहाणपण सांगायचे, हे शिक्षकाच्या मनाला रुचत नाही. आम्ही जावयांना तसे म्हटलेही. ते म्हणाले, "बाबा, आधी तोंडाने सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. शाळेचे छप्पर गळते म्हणून आम्ही कितीदा तरी लेखी कळवले होते. साहेब तपासणीला आले आणि त्यांच्याच डोक्यावर पाणी पडले, तेव्हा कौले आली.

असो. मेळ्याकडे येऊ.

भली मोठी इमारत. हजारो माणसे. तरुण पोरेपोरी जास्त, पण पांढऱ्या केसांचीही बरीच. दारावर उभी राहणारी, वाट दाखवणारी, भांडी घासणारी, व्याख्यानाचे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर करणारी, सगळी माणसे बिनपगारी. आपल्याकडे सप्ताहात गावकरी पाळ्या लावून पंगत वाढतात, तसेच. या सेवेकऱ्यांना तिथे 'देवदूत' म्हणतात. आम्ही फोटो काढायला मोबाइल वर केला, तर एक देवदूत मुलगी हसत आली आणि हात जोडल्यासारखे करून नको म्हणाली. माणसाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो काढायचा नाही, असा तिथला नियम. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये आम्ही कोणाला कधी विचारले होते?

एका टेबलावर खरोखरची लोखंडी कुलपे मांडली होती. बारीक तारांनी ती उघडायला शिकवत होते. आम्ही अर्धा तास खटपट केली. शेजारी बारा-तेरा वर्षांची एक पोर बसली होती. तिने तेवढ्यात तीन कुलपे उघडली आणि आमच्याकडे दयेने पाहिले! पलीकडे लहान मुले गरम सळईने तारा जोडून दिवे लावत होती. त्या वर्षीच्या मेळ्याचे ब्रीदच होते, 'कुलूप उघडले'.

आता एका व्याख्यानाची गोष्ट. पोलंड देशातले तीन तरुण ते देत होते. गोष्ट आगगाडीची आहे.

पोलंडमध्ये एका रेल्वेने नव्या गाड्या विकत घेतल्या. काही वर्षांनी त्यांची मोठी दुरुस्ती करायची वेळ आली. गाड्या बनवणारी कंपनी होतीच, पण काम मिळाले दुसऱ्या एका कारखान्याला. त्या कारखान्याने गाडी खोलली, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे काम केले, पुन्हा जोडली. सगळे ठीक. पण गाडी हालेना. वीज येते, दिवे लागतात, चाक फिरत नाही. कारागीर हैराण झाले. शेवटी २०२२ साली त्यांनी या तरुणांना बोलावले.

तरुणांनी गाडीच्या संगणकातल्या आज्ञा उतरवून घेतल्या आणि एकेक वाचत गेले. आज्ञा अशा निघाल्या, असे ते म्हणाले. गाडी अमुक जागी दहा दिवस उभी राहिली, तर ती बंद पाडावी. अमुक जागा कोणत्या? तर परक्या दुरुस्ती कारखान्यांच्या. आपण कुठे उभे आहोत हे गाडीला उपग्रहावरून कळत होते. म्हणजे बैल दुसऱ्याच्या गोठ्यात दहा दिवस बांधला तर त्याने खाली बसावे, असे त्याच्या कानात कोणीतरी सांगून ठेवले होते. चालकाच्या खोलीतली बटणे एका ठराविक क्रमाने दाबली की गाडी पुन्हा चालू होई. तो क्रम कोणत्याही पुस्तकात नव्हता.

गाड्या बनवणाऱ्या नेवाग या कंपनीने हे सारे नाकारले. आम्ही असे काही केले नाही, असे ती म्हणते. पुढे तिने त्या तरुणांवर आणि कारखान्यावर कोर्टात दावाही लावला. खरेखोटे ठरवणे आमचे काम नव्हे. पण व्याख्यान संपल्यावर लोकांनी किती वेळ टाळ्या वाजवल्या ते आम्ही पाहिले.

आम्हाला आठवला आमच्या फाट्यावरचा मिस्त्री. ट्रॅक्टर बंद पडला की तो कान लावून ऐकायचा आणि सांगायचा, "गुरुजी, डिझेलमध्ये हवा आहे." आता नवी गाडी आली की तोच मिस्त्री हात झटकून सांगतो, "याला कंपनीचा संगणक लावल्याशिवाय कळायचं नाही." मिस्त्री तोच, हात तेच. पैसे आपण मोजले, गाडी आपल्या दारात उभी आहे, पण तिला कोणाचे ऐकायचे सांगून ठेवले आहे ते आपल्याला कळत नाही. गाडी घेताना हे विचारायला हवे, असे आम्हाला वाटू लागले आहे. विकणारा काय उत्तर देईल, ते ऐकण्यासारखे असेल.

तिथेच जावयांनी आणखी एक हकीकत सांगितली. ती ऐकून मात्र आमचा जीव खाली-वर झाला. २००८ साली या मंडळाने जर्मनीच्या त्या वेळच्या गृहमंत्र्यांच्या बोटाचा ठसा मिळवला. कुठून? ते ज्या पेल्यातून पाणी प्याले, त्या पेल्यावरून. तो ठसा त्यांनी आपल्या मासिकात छापला. पुढे २०१४ च्या मेळ्यात एका सभासदाने संरक्षण मंत्रीणबाईंच्या अंगठ्याचा ठसा करून दाखवला. तो तर त्यांच्या फोटोवरून! बाईंनी कशाला हातही लावला नव्हता.

परवलीचा शब्द चोरीला गेला तर नवा ठेवता येतो. अंगठा चोरीला गेला तर?

मंडळी, यात आमचे दुखणे काय ते सांगतो. आमची थोरली बहीण आयुष्यभर शेतात राबली. लोक तिला अंगठाबहाद्दर म्हणून हसायचे. आमच्याच शाळेत रात्री साक्षरतेचा वर्ग चाले. त्या वर्गात ती सही शिकली. पहिली सही केली त्या दिवशी पाटी घेऊन ती सगळ्या आळीत फिरली होती. अंगठा सुटला म्हणून आम्ही घरी गोड केले होते.

तीच बहीण काही वर्षांमागे रेशनच्या धान्याला गेली. दुकानदाराने यंत्र पुढे केले. यंत्राने अंगठा मागितला. खुरपे धरून धरून तिच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या. यंत्र ओळखेना. दोनदा ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. "मी सही करते की!" असे ती म्हणाली. दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "आजी, यंत्र सही घेत नाही." तिसऱ्या खेपेस हात धुऊन, पदराला पुसून पुसून अंगठा ठेवला, तेव्हा धान्य मिळाले.

आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर गावातल्या बँक मित्राच्या यंत्रातून पैसे निघतात. म्हाताऱ्या माणसांना ही सोय फार मोठी आहे. तालुक्याचा हेलपाटा वाचतो. पण जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे पाहून रबरासारखे खोटे ठसे केले, असे गुन्हे आपल्याही देशात पोलिसांनी पकडले आहेत. म्हणून आधार खात्याने एक सोय ठेवली आहे. अंगठ्याला कुलूप लावता येते. मोबाइलवरच्या आधारच्या ॲपमधून ते लागते. मात्र आपला मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला हवा. कुलूप असेपर्यंत तुमचा खरा अंगठाही कुठे चालत नाही, मग खोटा कसा चालेल? काम असेल तेव्हा थोडा वेळ उघडायचे.

गावी परतल्यावर आम्ही हे सगळे बहिणीला सांगितले. तिने नीट ऐकून घेतले. मग विचारले, "त्या मंत्रीणबाईनं पुढं काय केलं? तिला तर सहीसुद्धा येत असंल."

तिच्या नातवाने तिच्या मोबाइलवरून कुलूप लावून दिले. दर महिन्याला धान्याच्या दिवशी तो ते उघडतो. मागे एकदा तो परगावी गेला होता आणि घरात दुसऱ्या कोणाला ते जमेना. धान्य चार दिवस उशिरा आले, तोवर शेजारणीकडून पायली आणली. आम्ही म्हटले, "एवढा त्रास होतो तर काढून टाक कुलूप." ती नाही म्हणाली. आता ती नातवाच्या मागे लागली आहे, कुठलं बटण दाबायचं ते मलाच दाखव म्हणून.